साळुंकीले साखर चालत नाही

आमच्या घरी एक कायदा होता. दोन पोळ्या झाल्याशिवाय भात नाही. आई वर्ध्याकडची, बाबा अमरावतीकडचे, अन् राहणं भिलाईत, रुआबांध्याच्या क्वार्टरमध्ये. आजूबाजूले सगळे दोन्ही वक्त भात खाणारे. त्यायच्या संगतीनं आपल्या पोरी 'भातखाऊ' होऊन जातील ह्याची आईले भलती धास्ती. ताटात आधी पोळी, भाजी, वरण. पोळ्या संपल्या की मंग मूठभर भात, तोही शेवटी, ताक घालून. मी ह्या कायद्यात आरामात मोठी झाली. माह्या धाकट्या बहिणीचं तसं झालं नाही.

आधीच सांगून देते, घरी बोलतो तसंच मी लिहून राहिली. शाळा हिंदीत झाली. मराठी आमची फक्त स्वयंपाकघरातली अन् भांडणातली. राग आला की मले दुसरी भाषा सुचत नाही, अन् ही सगळी गोष्ट सांगताना मले राग येऊनच राहिला आहे.

बाबा स्टील प्लांटच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. भट्टीतून आलेल्या लोखंडाचे नमुने तपासायचे. "तपासल्याशिवाय बोलू नये," हे त्यायचं पेटंट वाक्य. आईनं दूध नासलं म्हटलं तरी ते पातेलं हातात घेऊन वास घेणार, बोट लावून चव पाहणार, अन् मंग म्हणणार, "हाव, नासलं." ड्यूटीवरून आले की चहा पिऊन सरळ मागच्या अंगणात. तिथं भिंतीले लागून उंबराचं मोठं झाड होतं, अन् त्या झाडावर दिवसभर पाखरायचा बाजार.

उंबराखाली बाबायनं विटायवर जुन्या दाराची फळी ठेवली होती. फळीवर स्टीलच्या वाट्या. एका वाटीत साखरेचं पाणी, एकीत पिकलेल्या उंबराचा कुस्करा, मोसमात द्राक्षं. कोणतं पाखरू कोणत्या वाटीवर येते, किती वेळ बसते, दुसऱ्या दिवशी परत येते का, हे सगळं एका जाड वहीत लिहायचं. वही लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी सहावीत होती. अक्षर चांगलं, नजर चांगली, अन् बाबायच्या बाजूले बसायले मिळायचं. पाखराची शीट पातळ का घट्ट हेही मीच वाकून पाहायची अन् लिहायची. शाळेत मैत्रिणी नाक मुरडायच्या. मले त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कावून बोलू?

पाखरायचं पोट हा बाबायचा आवडीचा विषय. लायब्ररीतून आणलेल्या कोण्या इंग्रजी मासिकात त्यायनं वाचलं होतं की साळुंकीच्या आतड्यात साखर फोडणारा रसच नसते. घरची साखर म्हणजे दोन बारक्या साखरा एकमेकींचा हात धरून बसलेल्या. आपल्या आतड्यात त्यायचा हात सोडवणारा रस आहे, साळुंकीच्या नाही. मंग ती साखर तशीच आतड्यात पडून राहते, अंगातलं पाणी ओढून घेते, अन् साळुंकीले हगवण लागते. उंबराच्या, द्राक्षाच्या गोडव्यात मात्र त्या दोघी आधीच सुट्ट्या असतात, म्हणून ते तिले पचते.

बाबायनं वाचलं अन् सोडून दिलं असं झालं नाही. तपासलं. साळुंक्या पहिल्या दिवशी साखरेच्या पाण्यावर आल्या, चार-पाच चोची मारल्या. घंट्याभरात फळीवर पाण्यासारखी शीट. दुसऱ्या दिवशी एक-दोघी आल्या, वाटीकडं मान वाकडी करून पाहिलं अन् उंबराच्या वाटीवर गेल्या. चौथ्या दिवशी साखरेच्या वाटीजवळ एकही फिरकली नाही. त्याच वाटीवर चिमणीहून लहान, निळा-जांभळा चमकणारा शिंजीर मात्र मजेत चोच बुडवायचा. त्याले काही होत नव्हतं. त्याचं आतडं वेगळं.

मले सगळं पाठ होतं. फळात पाणी जास्त अन् सत्त्व कमी, म्हणून फळ खाणारं पाखरू दिवसभर खातच राहते, अन् पोट लवकर रिकामं करते. बुलबुलानं उंबर गिळलं की अर्ध्या घंट्यात बी बाहेर. कोकिळा निंबोळी गिळते, गर ठेवून घेते अन् बी तोंडावाटे टाकून देते, कावून की पोटात फुकटचं वजन कोण सांभाळेल? हरियलचं, म्हणजे हिरव्या कबुतराचं, पोट मात्र जात्यासारखं, ते उंबराचं बारीक बीही दळून टाकते. एकाच झाडावर बसून सगळे वेगळं वेगळं जेवतात, अन् प्रत्येकाचं कारण त्याच्या पोटात आहे.

"पाखरू जिभेनं नाही निवडत, आतड्यानं निवडते," बाबा म्हणायचे. "ज्यानं पोट बिघडते ते त्याले नकोसं होते. ह्याले नखरे नाही म्हणत. ही अक्कल आहे."

हे वाक्य त्यायनं कोणाले नाही ऐकवलं? शेजाऱ्यायले, लॅबमधल्या लोकायले, गॅस घेऊन येणाऱ्याले सुद्धा. फक्त एका जागी ते त्यायले कधी आठवलं नाही. आमच्या जेवणाच्या चटईवर.

माही बहीण तेव्हा पहिलीत होती. पोळीचा पहिला घास तोंडात गेला की तिचं तोंड वाकडं व्हायचं. घास गालात धरून बसायची, गिळायची नाही. हातपाय काड्या, अन् पोट पुढं आलेलं, कडक. तोंड सारखं आलेलं. संडासले गेली की घरभर वास सुटायचा, अन् आई म्हणायची, "काय खाते बाप्पा ही पोट्टी!" काय खाते म्हणजे काय? जे तुम्ही चारता तेच खात होती. डॉक्टरनं जंताचं औषध दिलं, तीन महिन्यांनी पुन्हा दिलं, टॉनिक दिलं, अन् सांगितलं, दलिया चारा, ताकद येईल. आईनं दलिया चारला. शिरा चारला. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून त्याचं सत्त्व काढलं अन् तुपात परतून रोज सकाळी वाटीभर चारलं. त्या सत्त्वासाठी आईचे हात दुखून यायचे, हे मी विसरली नाही. मेहनतीत तिनं कुठंच कमी केलं नाही.

भात मात्र पोट्टी अधाशावाणी खायची. मूठभर मिळायचा तेवढ्यानं तिचं भागायचं नाही. म्हणून ती गुपचूप शेजारच्या काकीकडं जायची. काकी छत्तीसगढी. तिच्याकडं सकाळी बासी असायचा, रातचा भात पाण्यात भिजवलेला, वरून मीठ अन् कांदा. माही बहीण त्यायच्या ओसरीवर मांडी घालून दोन वाट्या बासी खायची अन् हसत घरी यायची. आईले कळलं तेव्हा आई लाजेनं लाल झाली. लोकायच्या घरी जाऊन शिळा भात खाते! काकी म्हणाली, "लइका ला खावन दे न दीदी, का होही?" लेकरू आहे, खाऊ दे, काय होते? आईनं तोंडदेखलं हसून तिले घरी आणलं अन् फाटकाले कडी लावली.

उन्हाळ्यात आम्ही मामाकडं जायचो, वर्ध्याजवळच्या खेड्यात. तिथं तिन्ही त्रिकाळ ज्वारीची भाकर. दीड महिन्यात पोट्टीचं पोट बसायचं, गालावर रंग यायचा, ती आंब्याच्या झाडावर चढायची. सगळे म्हणायचे, हवा मानवली. भिलाईले परतलो की पंधरा दिवसात पुन्हा तीच काडी. मंग सगळे म्हणायचे, प्लांटचा धूर. इथलं पाणी. बाबाही तेच म्हणायचे. लॅबमध्ये दोन नमुन्यायचा निकाल वेगळा आला की काय काय बदललं ते एकेक करून शोधणारा माणूस! तिथं भाकर होती अन् इथं पोळी होती, एवढं त्याले दिसलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, अन् आपण कोरडे पाषाण, दुसरं काय म्हणू?

आईले स्वयंपाकघरातून उठता यायचं नाही, म्हणून बहिणीवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडं. तिच्या दोन पोळ्या पोटात गेल्याशिवाय तिले उठू द्यायचं नाही. मी तिच्या समोर बसायची. पाखरायची वही अन् बहिणीची पोळी, दोन्हीची मी इन्चार्ज.

त्या वर्षी हिवाळ्यात वहीत एक अजब गोष्ट यायले लागली. साळुंक्या वाढल्या. आधी चार-सहा यायच्या, आता पंधरा-वीस. उंबराची वाटी रिकामी असली तरी फळीवरच. साखरेच्या वाटीले चोच लावल्यासारखं करायच्या, तिच्या आजूबाजूले काहीतरी टिपायच्या, अन् शीट घट्ट. बाबा चक्रावले. "मासिकवाल्यायचं चुकलं का आपलं?" म्हणत त्यायनं साखर कमी-जास्त करून पाहिली. रोज संध्याकाळी वही वाचायचे. मले वाटते, त्या दिवसायत ते खूप खूश होते. आपल्यालेच काही नवीन सापडून राहिलं असं त्यायले वाटत होतं.

मले कारण माहीत होतं. माही बहीण घास गालात धरायची, संडासले जातो म्हणून मागच्या दारानं निघायची, अन् ओली पोळी वाट्यायच्या मागं, फळीच्या फटीत कोंबून यायची. साळुंकीले पोळी चालते, तीच टिपायले ती यायची. मी दोनदा पाहिलं होतं. बोलली नव्हती. दया आली म्हणून नाही. बोलली असती तर माझीच चूक निघाली असती, कावून की पहारेकरी मी होती.

मंग तो रविवार आला. बाबायनं लॅबच्या मोठ्या साहेबायले चहाले बोलावलं होतं. साहेब पाखरायचे शौकीन. मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, आईनं पोहे केले, अन् बाबायनं सुरू केलं. साखर कशी दोघींची, रस कसा नाही, पाखरू आतड्यानं कसं निवडते. साहेब कान देऊन ऐकून राहिले होते. आतमध्ये, दाराच्या आड, चटईवर माही बहीण पोळी घेऊन बसली होती. बाबायचा आवाज तिलेही ऐकू येत होता. "त्याले जबरदस्तीनं साखर पाजली तर पाखरू मरून जाईल," असं बाबा सांगून राहिले होते, अन् मी तिले डोळे वटारून "गीळ" म्हणत होती.

तेवढ्यात साळुंक्यायचा थवा उतरला अन् सरळ साखरेच्या वाटीभोवती. साहेब हसले. "ये तो आपकी शक्कर पर ही बैठी हैं!" बाबा म्हणाले, हाच तर माझा नवीन मुद्दा आहे. साहेब उठले, फळीजवळ गेले, वाकले, अन् वाटीच्या मागून बोटानं एक ओला गोळा काढला. "ये क्या है भाई? रोटी?"

मी बाबायचं तोंड पाहिलं. आता ते मलेच विचारतील, वही तुही, तू काय पाहत होती? त्यायनं विचारायच्या आधीच मी दारातून ओरडली, "बाबा, ही टाकते! रोज पोळी टाकते ही! मी पाहिलं!"

साहेब भले माणूस, हसण्यावारी नेलं, पोहे खाल्ले, गेले. फाटक लागल्याचा आवाज आला अन् बाबा आत आले. ते मारकुटे नव्हते. त्या दिवशीही त्यायनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मले आता वाटते. त्यायनं आईले तीन पोळ्या वाढायले सांगितल्या. भाजी नाही, वरण नाही. बहिणीच्या समोर मांडी घालून बसले, तिचं डोकं एका हातानं मागून धरलं, अन् एकेक घास तिच्या तोंडात कोंबला. ती रडत होती, रडताना तोंड उघडं राहते, तेव्हा पुढचा घास. "अन्न फेकते? नखरे करते? पाहतो मी." आई ओट्याजवळ पाठ करून उभी होती. तिसरी पोळी संपली तेव्हा बाबायनं हात धुतले अन् म्हणाले, "पाहा, जातात का नाही?" थोड्या वेळानं मागच्या अंगणातून उलटीचा आवाज आला.

दुसऱ्या दिवसापासून माझं पहारा द्यायचं काम गेलं. गरजच उरली नाही. पोट्टी गुपचूप बसायची, दोन पोळ्या खायची, उठायची. गालात घास धरणं नाही, तोंड वाकडं करणं नाही. बाबा म्हणाले, "लागली का नाही सवय? पोरं थोडी कडक केली की सुधरतात." त्या सोमवारी फळी उकळत्या पाण्यानं धुतली, वहीतले दोन महिने लाल पेनानं काटले, अन् प्रयोग नव्यानं सुरू झाला. चार दिवसात साळुंक्यायनं साखरेकडं पाठ फिरवली. बाबायनं मले शाबासकी दिली. मी घेतली.

पुढची पंचवीसेक वर्षं ती पोळी खात राहिली, अन् आम्ही तिले पाहत राहिलो. शाळेच्या प्रार्थनेत दहावीपर्यंत पहिल्या नंबरवर उभी, सगळ्यात ठेंगणी म्हणून. पाळी आली तीही मैत्रिणींच्या कितीतरी मागून. दोनदा मनगट मोडलं, एकदा तर नुसता पाण्याचा मग उचलताना. रक्त सदा कमी, लोहाच्या गोळ्या सदा चालू. आई म्हणायची, हिचं हाडच बारीक. लग्नाच्या वेळी उंचीवरून दोन स्थळं परतली, मंग रायपूरचा एक चांगला मुलगा मिळाला. तिले दोनदा दिवस गेले अन् दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. सासरचे लोक बोलले नाही, पण चेहरे बोलतात ना.

दुसऱ्या वेळेनंतर मी तिले नागपूरले एका पोटाच्या डॉक्टरणीकडं घेऊन गेली. जुन्या फायली चाळून डॉक्टरणीनं त्या बाजूले ठेवल्या अन् विचारलं, "लहानपणी एखादी गोष्ट खायले नको म्हणायच्या का तुम्ही?"

एवढाच प्रश्न. त्याले ना मशीन लागत होती ना लॅब. माही बहीण खाली पाहत म्हणाली, "पोळी."

मंग रक्ताची तपासणी झाली, नळी घालून आतड्याचा तुकडा काढला. गव्हातलं एक प्रथिन तिच्या शरीराले शत्रू वाटते, अन् दर घासाले तिचं आतडं स्वतःलेच खरडून घेते. आतल्या अस्तराची मखमल झिजून सपाट झाली होती. खाल्लेलं अंगी लागणार कसं? डॉक्टरीण म्हणाली, आता गहू कायमचा बंद, कणभरही नाही, आतडं बरंचसं भरून येईल. मी विचारलं, अन् उंची? डॉक्टरणीनं फाइल बंद करून बहिणीच्या हातात दिली. मले समजते, हा रोग अन् साळुंकीची गोष्ट एक नाही. साळुंकी धडधाकट आहे, तिची घडणच तशी. पण नको म्हणायचं कारण दोघींच्याही आतड्यातच होतं, अन् आमच्या घरात एकीचंच ऐकल्या गेलं.

बाबा तोवर रिटायर होऊन भिलाईतल्याच हुडको कॉलनीतल्या घरी राहायले आले होते. मी त्यायले रिपोर्ट दाखवला. त्यायनं चष्मा लावून दोनदा वाचला, कॉम्प्युटरवर घंटाभर काहीतरी पाहिलं. मी समोर बसून होती. मले वाटलं, आता बोलतील. एक शब्द. निदान उठून आत जातील, तोंड लपवतील. अन् ते काय म्हणाले? "भलतंच इंटरेस्टिंग आहे हे." संध्याकाळी शेजारचे लोक चहाले आले तर बाबा त्यायले समजावून सांगून राहिले होते, आतड्याची मखमल कशी असते, प्रथिन कसं असते, शरीर कसं गोंधळते. तोच आवाज. तेच हातवारे. बैल गेला अन् झोपा केला, अन् वरून झोपा कसा बांधावा ह्याचं भाषण! मले इतका राग आला की हातातला कप मी बेसिनमध्ये आपटला. फुटला. आई म्हणाली, "जाऊ दे, त्यायचा स्वभावच तसा." स्वभाव! त्या पोट्टीचा पण स्वभावच होता ना, मंग तिचा कावून नाही जाऊ दिला?

गहू बंद झाल्यावर सहा महिन्यात माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर रंग आला. तिशीत पहिल्यांदा तिनं मले फोनवर सांगितलं, "ताई, पोट न दुखणं कसं असते ते मले माहीतच नव्हतं. मले वाटे सगळ्यायचंच दुखते."

मागच्या दिवाळीत ती हुडकोले आली. आईनं तिच्यासाठी मुद्दाम तांदळाच्या भाकरी केल्या. लेकीनं दोन खाल्ल्या, आईले बरं वाटावं म्हणून तिसरी घेतली. त्या दिवशीच पोट फुगलं, मंग चार दिवस उलट्या अन् हगवण, सलाइन लावावं लागलं. मी आईले खोदून खोदून विचारलं तेव्हा आई म्हणाली, "भाकर थापल्याच जात नव्हती बाप्पा, तुटून जात होती. म्हणून दोन मुठी कणीक टाकली. एवढ्यानं काय होते?" म्हणजे रिपोर्ट पाहिला, नळीचे फोटो पाहिले, बाबायचं भाषण शंभर वेळा ऐकलं, अन् तरी आतून आईले वाटत होतं की हे सगळं नखरेच आहेत, थोडे मोठे, डॉक्टरच्या सहीचे. मी आईले बोलली ते इथं लिहीत नाही.  सलाइन निघालं अन् बहीण रायपूरले निघून गेली.

त्यानंतर ती हुडकोले येते, आईबाबायच्या पाया पडते, बाबायच्या गोळ्या पाहून घेते, पण घरात पाणी सोडून काही घेत नाही. आपला डबा घेऊन येते अन् बाहेरच्या पायऱ्यांवर बसून खाते. ओट्यावर, पाटावर, हवेत, सगळीकडं आमची कणीक उडते ना. आई आत रडते. बाबा पेपर वाचतात.

ह्या उन्हाळ्यात मीही माझं ताट घेऊन बाहेर तिच्या बाजूले जाऊन बसली. तिच्या डब्यात दहीभात अन् लिंबाचं लोणचं होतं. बऱ्याच दिवसायपासून जे विचारायचं होतं ते मी विचारलं. "त्या रविवारनंतर तू पोळीले एकदाही नाही म्हटलं नाही. कावून? एकदा तरी सांगायचं होतं कोणाले."

तिनं घास खाल्ला. "सांगितलं होतं ना. तुले."

"मले? कवा?"

"उलटी झाली तेव्हा. तू आली होती मागं. पाठ चोळून दिली माही. मी म्हटलं, ताई, पोळी खाल्ली की आत काहीतरी चावते. तू म्हटलं, बाबायले सांगू नको, ते अजून चिडतील. म्हणून मंग नाही सांगितलं."

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. मले त्या दिवशीचे पोहे आठवतात, साहेबायचं बोट आठवते, वहीतल्या लाल रेघा आठवतात. मी मागं गेली होती हे आठवत नाही. मी तर आतच होती. इतकी वर्षं मी तसंच समजून होती.

"मले आठवत नाही," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली. "मले आठवते."

मी तिच्याकडं सरकली. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं. तिनं डब्यावर झाकण आडवं धरलं.

"ताई, सरक जरा तिकडं. तुह्या ताटातले पोळीचे कण इकडं उडून राहिले."

मी ताट उचललं अन् दोन पायऱ्या खाली जाऊन बसली.